नक्कल करणाऱ्या हाताला हिणवू नका

चित्रकलेच्या वर्तुळात एक मत इतकं मुरलं आहे की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. जुन्या थोर चित्रकाराचं व्यक्तिचित्र समोर ठेवून तैलरंगात त्याची कॉपी करणारा विद्यार्थी म्हणजे कल्पनाशून्य नकल्या, असं ते मत. कलाशाळांतले शिक्षक ते बोलतात, प्रदर्शनांचे परीक्षक बोलतात आणि त्यांचं ऐकून आता पालकही विचारू लागले आहेत, "सर, ही स्वतःचं कधी काढणार?" माझ्याकडे पोर्ट्रेट शिकणाऱ्या एका मुलीनं व्हर्मीरच्या मोत्याचा डूल घातलेल्या मुलीची कॉपी एका प्रदर्शनासाठी नेली होती. खाली 'व्हर्मीरवरून अभ्यास' असं तिनं ठळक लिहिलं होतं. एका परीक्षकांनी चारचौघांत तिला विचारलं, "यात तू कुठं आहेस?" आणि उत्तराची वाट न पाहता ते पुढच्या चित्राकडे वळले. उत्तर ऐकायचंच नसेल तर प्रश्न विचारायचा कशाला? त्या मुलीला उत्तर देता आलं नाही. ते द्यायला हवं, आणि सविस्तर द्यायला हवं.

आधी या मंडळींचं म्हणणं त्यांच्याच जोरानं मांडतो. ते म्हणतात, दुसऱ्याच्या चित्रामागून जाणारा हात कायमचा परावलंबी होतो आणि स्वतःची शैली जन्मायच्या आधीच मरते. ते म्हणतात, नक्कल हे यांत्रिक काम आहे, त्याला डोकं लागत नाही. चेहरा शिकायचा तर जिवंत माणूस समोर बसवा, तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या चित्रकाराच्या मागं कशाला लागता? शिवाय हे सगळे उस्ताद युरोपातले. वसाहतकाळातल्या कलाशाळांची ही सवय आपण अजून का वाहायची? आणि शेवटी हुकमाचा एक्का टाकल्यासारखं विचारतात, हुबेहूब प्रतिमा मोबाइलवर क्षणात मिळते, यंत्र हव्या त्या शैलीत चेहरा काढून देतं, मग महिनोन् महिने रंग कालवत बसण्यात काय अर्थ आहे? ऐकायला हे सगळं मोठं पुढारलेलं वाटतं. यातलं एकही विधान चित्रकलेच्या इतिहासापुढं टिकत नाही आणि इझलपुढं तर मुळीच टिकत नाही.

शैली मरते म्हणे. कुणाची मेली? नाव सांगा. १६२८ साली रूबेन्स माद्रिदला गेला तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. युरोपातले राजेरजवाडे त्याच्याकडून चित्रं करवून घेत होते. या माणसाला आता कुणाकडून काय शिकायचं राहिलं होतं? तरीही त्यानं स्पेनच्या राजसंग्रहातली टिशियनची चित्रं समोर ठेवली आणि त्यांच्या कॉपी केल्या. टिशियनचं आदम आणि ईव्हचं चित्र आणि रूबेन्सनं केलेली त्याची कॉपी, दोन्ही आज प्रादो संग्रहालयात आहेत. रूबेन्सच्या कॉपीत आदमाची बसण्याची ढब बदलली आहे, झाडावर टिशियननं न काढलेला पोपट येऊन बसला आहे आणि देह तर नखशिखांत रूबेन्सचेच आहेत. ज्याला टिशियन आतून कळला त्यालाच टिशियनपासून कुठं वेगळं व्हायचं हे कळलं.

पोर्ट्रेटचंच उदाहरण हवं असेल तर रेम्ब्राँ घ्या. १६३९ साली ॲमस्टरडॅमच्या एका लिलावात राफाएलनं काढलेलं कास्तिल्योनेचं व्यक्तिचित्र विकायला आलं. रेम्ब्राँनं त्याचं झपाट्यानं रेखाटन केलं आणि कडेला विक्रीची किंमतही टिपून ठेवली, ३५०० गिल्डर. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३४व्या वर्षी, त्यानं स्वतःचं पोर्ट्रेट केलं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. खांद्याचं वळण, कठड्यावर टेकलेला हात, पाहणाऱ्यावर रोखलेली नजर, ही सगळी मांडणी राफाएल आणि टिशियन यांच्याकडून उचललेली आहे. आता त्या चेहऱ्यात कुणी रेम्ब्राँखेरीज दुसरा चित्रकार शोधून दाखवावा.

सार्जंटनं १८७९ साली प्रादोत बसून व्हेलाझ्केझच्या कॉपी केल्या, त्यांत 'लास मेनिनास'ही होतं. पुढच्या वर्षी तो हार्लेमला फ्रान्स हाल्सच्या कॉपी करायला गेला. १८८२ साली त्यानं एडवर्ड बॉइट यांच्या चार मुलींचं मोठं चित्र केलं. २०१० साली प्रादोनं तेच चित्र बोस्टनहून आणवलं आणि 'लास मेनिनास'च्या शेजारी लावलं. ज्या संग्रहालयात सार्जंट विद्यार्थी म्हणून बसला, तिथंच त्याचं चित्र त्या उस्तादाच्या शेजारी जाऊन बसलं. आणि परंपरा मोडणारा म्हणून ही मंडळी ज्याचं नाव घेतात त्या पिकासोनं कोवळ्या वयात त्याच प्रादोत व्हेलाझ्केझच्या चौथ्या फिलिपची कॉपी केली होती. १९५७ साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, 'लास मेनिनास'वरून सुरू केलेल्या मालिकेत त्यानं ५८ चित्रं केली. परंपरा मोडायची तर ती आधी हातात असावी लागते. पिकासोच्या हातात ती होती. त्याचं नाव घेऊन विद्यार्थ्यांना रिकाम्या हातानं उभं करणाऱ्यांनी याचा विचार कधी केला आहे का?

दुसरा आक्षेप, नक्कल यांत्रिक असते. हे म्हणणाऱ्यानं एकदा व्हर्मीरच्या त्या मुलीसमोर ब्रश घेऊन बसावं. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातलं, १६६५च्या सुमाराचं हे चित्र केवळ ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे. विद्यार्थी आधी नाक काढतो. नाकाला दोन बाजू असतात हे त्याला माहीत असतं, म्हणून तो दोन्ही बाजूंनी कडा आखतो. व्हर्मीरनं उजेडाच्या बाजूची कडा काढलेलीच नाही. नाकाचा दांडा आणि पलीकडचा गाल तिथं एकाच रंगात एकजीव झाले आहेत. ती कडा पाहणारा आपल्या मनानं घालतो. विद्यार्थ्याची रेघ कॅनव्हासवर आहे तोवर चेहरा लाकडी राहतो. तो रेघ फडक्यानं पुसतो, हलक्या हातानं पुन्हा काढतो, पुन्हा पुसतो आणि अखेर ती कडा सोडून द्यायचं धाडस करतो. त्याबरोबर गाल वळतो. आतापर्यंत आपण दिसतं ते काढत नव्हतो, ठाऊक आहे ते काढत होतो, हे त्याला त्या वेळी उमगतं. हे ज्ञान व्याख्यानातून मिळत नाही. यंत्राला कधी असं उमगलं आहे का?

मग तो मोत्याकडे येतो. या मोत्याला पुरती बाह्यरेषा नाही आणि तो कानात अडकवणारी कडीही नाही. वरच्या अंगाला जाड पांढऱ्या रंगाचा एक ठसठशीत फटकारा, खाली पांढऱ्या कॉलरचं मंद प्रतिबिंब, बाकी सगळी मानेची सावली. विद्यार्थी तो फटकारा मारतो आणि मोती चमकतच नाही. का? त्यानं कपाळावर पांढरा खर्चलेला असतो, नाकावर खर्चलेला असतो, गालावर खर्चलेला असतो. मोत्यापाशी पोचेपर्यंत उजेडाची शिल्लक संपलेली असते. आता पांढऱ्यापेक्षा पांढरा रंग आणायचा कुठून? मोती उजळायचा असेल तर सगळा चेहरा एक टोन खाली उतरवावा लागतो, यलो ऑकर आणि थोड्या व्हर्मिलियननं कपाळ पुन्हा बांधावं लागतं आणि उजेडाचा जोर एकाच जागेसाठी राखून ठेवावा लागतो. पोर्ट्रेटचं निम्मं शास्त्र या एका दुरुस्तीत आहे.

पार्श्वभूमीपाशी तर त्याला चक्क निवाडा करावा लागतो. आज ती काळी दिसते. मॉरित्सहाउसमध्ये २०१८ साली सुरू झालेल्या तपासणीतून कळलं की तिथं मुळात हिरवा पडदा होता. काळपट थरावर नीळ आणि वेल्ड या वनस्पतीचा पिवळा यांचं पारदर्शक ग्लेझ दिलेलं होतं. काळाच्या ओघात ते रंग विटले आणि पडदा अंधारात गेला. मग कॉपी करणाऱ्यानं आजचं काळं करायचं की व्हर्मीरच्या डोळ्यांसमोरचं हिरवं? डोक्यावरच्या फडक्याचा निळा व्हर्मीरनं अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडापासून केलेल्या अल्ट्रामरीननं रंगवला होता. आपल्या ट्यूबमधला अल्ट्रामरीन कारखान्यात तयार होतो. तो कशानं मऊ करायचा, त्यावर पातळ ग्लेझ किती द्यायचं, खालचा थर किती वाळू द्यायचा? यातला प्रत्येक निर्णय माझ्या त्या विद्यार्थिनीनं स्वतः घेतला होता. 'यात तू कुठं आहेस' या प्रश्नाचं उत्तर कॅनव्हासभर पसरलेलं होतं. ते वाचायला परीक्षकांनी स्वतः कधीतरी कॉपी केलेली असायला हवी होती.

तिसरा आक्षेप, निसर्ग हाच गुरू, मॉडेल समोर बसवा. बसवायलाच हवं, मॉडेलशिवाय पोर्ट्रेट शिकता येतं असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण मॉडेल प्रश्न घालतं, उत्तर देत नाही. हनुवटीखाली आलेला परावर्तित उजेड सावलीतच ठेवायचा की वर काढायचा? कानशिलाजवळचा हाफटोन थंड घ्यायचा की गरम? केसांची कडा कुठं धरायची आणि कुठं हरवायची? समोरचा माणूस यातलं काहीच सांगत नाही. या प्रश्नांवर टिशियननं, व्हेलाझ्केझनं, रेम्ब्राँनं आयुष्य घालवलं आणि त्यांची उत्तरं कॅनव्हासवर जशीच्या तशी आहेत. ती वाचू नका असं विद्यार्थ्याला सांगण्यात कोणतं शहाणपण?

आणखी एक गोष्ट निसर्गवादी मंडळी विसरतात. मॉडेलची मान हलते, विश्रांतीनंतर बसण्याची ढब बदलते, खिडकीतला उजेड सरकतो. चित्र चुकलं की विद्यार्थ्याजवळ सबब तयार असते. समोरचं चित्र हलत नाही, त्यातला उजेड सरकत नाही. डोळ्यांतलं अंतर चुकलं तर ते आपलंच चुकलं. कॉपीत पळवाट नाही, आणि तिची नावड असणाऱ्यांचं बरंचसं दुखणं तिथंच आहे.

या वादात कधीकधी रेनॉल्ड्सची साक्ष काढली जाते. १७६८ साली स्थापन झालेल्या रॉयल अकॅडमीचा तो पहिला अध्यक्ष, आणि १७६९च्या व्याख्यानात त्यानं सरसकट कॉपी करण्याविरुद्ध विद्यार्थ्यांना बजावलं होतं, हे खरं आहे. पण व्याख्यान पुरतं वाचा. त्याचा राग होता तो बुद्धी झोपवून चित्राचा कोपरान् कोपरा उतरवून काढण्यावर. त्यानं काय सांगितलं? चित्रातला जो भाग खरोखर असामान्य आहे तेवढा निवडून घ्या, आणि मग त्या चित्राच्या जोडीला शोभेल असं आपलं चित्र करून दोन्ही शेजारी ठेवा. रेनॉल्ड्स स्वतः इटलीत थोरांच्या कॉपी करून आला होता. स्वस्त प्रिंटवर चौकोन आखून रंग भरत जाण्याला मीही अभ्यास म्हणत नाही. विरोधकांना मी यापेक्षा अधिक काही देऊ शकत नाही, कारण यापलीकडे त्यांचं काही निघत नाही.

आता वसाहतीचा मुद्दा. तो मांडणाऱ्यांनी आधी वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर यावं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२पासून जॉन ग्रिफिथ्सच्या हाताखाली अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या कॉपी करत होते. हे काम १८८५पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी त्याच मुलांतले; पुढे पारशी घरांतली माणसं त्यांनी तैलरंगात अशी काही उभी केली की मुंबईच्या व्यक्तिचित्रणाचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येत नाही. बौद्ध भिंतींची कॉपी करून त्यांचा हात युरोपचा झाला की अजिंठ्याचा? तो पेस्तनजींचाच झाला. युरोपीय धाटणी नाकारून स्वदेशी चित्रभाषा घडवायला निघालेले नंदलाल बोस आणि असितकुमार हालदारही लेडी हेरिंगहॅम यांच्या मोहिमेत अजिंठ्याला आले ते कॉपी करायलाच. चीनमध्ये सहाव्या शतकात श्ये ह यांनी चित्रकलेची सहा तत्त्वं सांगितली, त्यांतलं सहावं आहे नक्कल करून पूर्वसूरींचं ज्ञान पुढं नेण्याचं. मग ही सवय नेमकी कुठल्या साहेबानं लावली?

तैलरंग हे माध्यम मात्र युरोपातून आलं, हे उघड आहे. ते आपण दीडशे वर्षं वापरतो, धुरंधरांनी वापरलं, गोव्याच्या त्रिंदादांनी वापरलं, हळदणकरांनी वापरलं. माध्यम घ्यायचं आणि त्या माध्यमात ज्यांनी शिखर गाठलं त्यांच्याकडे बघायचं नाही, हा कसला स्वाभिमान? गाण्यात आपण असं वागत नाही. शिष्य गुरूची बंदिश गुरूच्याच वळणानं वर्षानुवर्षं घोटतो, तेव्हा आपण त्याला तालीम म्हणतो आणि माना डोलावतो. त्याच घरचा मुलगा रेम्ब्राँचा चेहरा घोटायला बसला की त्याला नकल्या म्हणतो. ही दोन मापं कशासाठी?

राहिला मोबाइलचा आणि यंत्राचा मुद्दा. हुबेहूब प्रतिमा मिळवणं हा कॉपीचा हेतू असता तर हा मुद्दा बिनतोड होता. पण तो हेतू कधीच नव्हता. कॉपी संपल्यावर ती भिंतीला उलटी टेकवून ठेवली तरी चालतं. जे कमवायचं ते हातात आणि डोळ्यांत आलेलं असतं. यंत्रानं चेहरा काढला तर यंत्राचा हात तयार झाला, तुमचा नाही. उलट याच तंत्रज्ञानानं कॉपी करणाऱ्याची सोय केली आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२२ साली रेम्ब्राँच्या 'नाइट वॉच'ची ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा सगळ्यांसाठी खुली केली. ब्रशचा केस कुठून कुठं ओढला गेला ते आता साताऱ्यात बसून पाहता येतं. व्हॅन गॉगकडे काय होतं? साँ-रेमीच्या इस्पितळात असताना त्यानं मिलेच्या चित्रांवरून केलेली चित्रं काळ्या-पांढऱ्या छापील प्रतींवरून केलेली होती. रंग त्यानं आपले घातले. तेवढ्यावर त्याचं भागलं, कारण त्याला शिकायचं होतं.

कुणी म्हणेल, कॉपीतून खोटी चित्रं तयार होतात. पॅरिसच्या लूव्रमध्ये चित्रांसमोर इझल लावून कॉपी करण्याची प्रथा १७९३ साली संग्रहालय उघडलं तेव्हापासूनची आहे. नियमही साधे आहेत: कॉपीचं माप मुळाहून वेगळं हवं आणि मूळ चित्रकाराची सही करायची नाही. अभ्यास आणि लबाडी यांतली सीमा आखायला एवढं पुरतं. विसाव्या शतकातला सर्वांत गाजलेला व्हर्मीरचा तोतया, हान व्हान मेगेरेन, त्यानं तर व्हर्मीरच्या चित्राची कॉपी विकली नव्हती. त्यानं व्हर्मीरनं कधीच न काढलेली 'नवी' चित्रं काढून विकली, आणि १९३७ साली अब्राहम ब्रेडियस यांच्यासारख्या नामवंत जाणकारानं त्यांतलं एक अस्सल म्हणून डोक्यावर घेतलं. जड पापण्यांचे ते चेहरे आज खऱ्या व्हर्मीरशेजारी क्षणभरही टिकत नाहीत. खोटं ओळखणारी नजर खऱ्याशी दीर्घकाळ झुंजूनच तयार होते.

या गैरसमजाची किंमत कोण मोजतं, तेही बघा. ज्याच्या घरी पैसा आहे तो पॅरिस-माद्रिद फिरून येईल, परदेशी अतेलियेत शिकेल, आणि तिथं त्याला पहिलं काम काय देतील? कॉपीचं. इथं सांगलीच्या, जळगावच्या, सावंतवाडीच्या मुलाला मात्र आपण सांगतो, तुझं अंतर्मन व्यक्त कर. ज्याला डोळ्याची खोबण रंगात कशी बसवायची हे कुणी दाखवलं नाही, तो अंतर्मन कशानं व्यक्त करणार? त्याच्या गावात संग्रहालय नाही, मॉडेलला द्यायला पैसे नाहीत, गुरू नाही. त्याला परवडणारा एकच गुरू आहे, तो म्हणजे थोर चित्र. तोही आपण त्याच्यापासून काढून घेतो आणि वर त्याला स्वातंत्र्य म्हणतो. हे स्वातंत्र्य नव्हे, ही वंचना आहे, आणि ती लादणाऱ्यांना स्वतःला काहीच गमवावं लागत नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. कलाशाळांनी व्यक्तिचित्राच्या अभ्यासक्रमात तैलरंगातल्या कॉपीला गुणांसहित, मानानं जागा द्यावी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेली युरोपीय चित्रं आहेत, बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. अशा प्रत्येक दालनात विद्यार्थ्यांना इझल लावायला हक्काचे दिवस मिळावेत. प्रदर्शनांनी 'वरून अभ्यास' असा स्वतंत्र विभाग ठेवावा आणि त्याचे परीक्षक असे नेमावेत ज्यांनी स्वतः एखाद्या उस्तादापुढं बसून घाम गाळला आहे. आणि ज्यांना हे मान्य नाही त्यांनी एक करावं: रेम्ब्राँचा एक डोळा, फक्त एक डोळा, तैलरंगात जसाच्या तसा उतरवून दाखवावा. तो उतरला तर त्यांना कॉपीचं मोल कळेल. नाही उतरला तर निदान विद्यार्थ्यांना हिणवण्याचा अधिकार आपल्याला नाही, एवढं तरी कळेल. तोवर मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेच सांगत राहीन, की कॉपी कर, डोळे उघडे ठेवून कर, खाली उस्तादाचं नाव अभिमानानं लिही, आणि तुझी शैली कुठं गेली असं विचारणाऱ्याला तुझं पुढचं चित्र दाखव.